तडा जातो कुठे

तडा जातो, म्हणतात.
कुठे जातो ते बघायला मला बोलावलंय
येल्गावाच्या वेशीवरच्या गोदामात,
नोव्हेंबरात, सकाळी सातला, बाहेर काळोख असताना.

आत डबाबंद मासे, कुत्र्यांचं खाणं,
छताला टेकलेले खोके.
झिगुर्ड्स फोर्कलिफ्ट थांबवून म्हणतो,
सतराव्या ओळीत या, वेल्गाबाई,
तिथे माझा एक मणका बोलतो.
चार वर्षं, रोज साठ फेऱ्या.
या जमिनीचा नकाशा त्याच्या पाठीत आहे,
माझ्यापाशी नुसता कागदावरचा.

गुडघ्यांवर बसते. पारदर्शक पट्टी ठेवते.
अर्धा मिलिमीटर. पुढे पाऊण.
रॅकच्या पायापाशी केसाएवढी रेघ.
मग हातोडीनं ठोकत जाते,
टण, टण, टण,
सांध्याजवळ एकदम ढब्ब,
रिकाम्या रांजणासारखं.
कोपरा उचलला गेलाय,
शिळ्या पावाच्या चकतीसारखा.

मालकांचा माणूस, ड्रेइमानिस, कोट न काढता उभा.
त्याला ‘माती खचली’ असं हवंय,
मातीचा विमा उतरवलेला आहे.
ठेकेदाराचं पत्र म्हणतं, फोर्कलिफ्टची चाकं फार कडक.
झिगुर्ड्स चाकांकडे बघतो,
कुणी आपल्या कुत्र्याला चावरा म्हटल्यासारखा.

यंत्र लावते.
राखाडी पाणी, दात शिवशिवणारा आवाज,
आणि वीस मिनिटांनी हातात येतो
दंडाएवढा जाड दांडा, ओला, कोमट.
मधोमध तडा.
हे बघा, तो खडी फोडत नाही.
एकेका दगडाला वळसा घालून उतरतो,
झोपलेल्यांचे पाय चुकवत
घराबाहेर पडणाऱ्या माणसासारखा.

म्हणजे तेव्हा काँक्रीट कोवळं होतं,
दगडांवर त्याची पकड बसायची होती.
चाकं नव्हती, रॅक नव्हते,
मासे अजून समुद्रात होते.

दुपारी जुनी वही मागवते.
ओतकाम: तेवीस जून, दुपारी चार.
सांधे कापले: चोवीस जून, सकाळी अकरा.
कापायला हवे होते पहाटे दोनच्या आत.
काँक्रीट आकसणारच, ते कुणाला चुकत नाही.
आपण फक्त करवतीनं सांगायचं असतं,
बाबा रे, फाटायचं तर इथे, सरळ रेषेत.
कुणी सांगितलं नाही.
त्यानं आपलं आपण बघितलं.

तेवीस जून.
ड्रेइमानिसही गप्प होतो.
या गावात ती तारीख कुणाला समजावावी लागत नाही:
नदीकाठचे जाळ, शहाजिरं घातलेलं चीज,
बाप्यांच्या डोक्यांवर ओकच्या पानांचे मुकुट,
आणि करवतवाला, सहीवरून कुणी वाइवोद्स,
कुठल्याशा जाळावरून उडी घेत असणार.
वर्षातली सर्वांत छोटी रात्र.
तरी पुरली.

मी तर सकाळी घराच्या पायरीवर सापडलो,
झिगुर्ड्स हसत सांगतो.
मला विचारत नाही.
मी त्या रात्री लिएलुपेच्या काठी होते.
कुणाबरोबर, त्याला या तक्त्यात जागा नाही.

‘कारण’ या रकान्यात लिहिते:
सांधे कापण्यास नऊ तास विलंब.
‘जबाबदार’ या रकान्यापाशी पेन थांबतं.
सही आहे, वाचता येते.
लिहिते.

निघताना तडा जिथे संपतो
तिथे पेन्सिलनं आडवी रेघ मारते, तारीख घालते.
जानेवारीत येईन.
रेघ ओलांडून गेला असेल तर कळेल.

झिगुर्ड्स पुन्हा कामाला लागलाय,
सतराव्या ओळीत हळू होतो, मग वेग घेतो.

माझ्या डिकीत टॉवेलात गुंडाळलेला तो दांडा.
रीगाच्या रस्त्याला लागेपर्यंत
प्रत्येक वळणावर लोळतो,
एकदा डावीकडे धडकतो,
आणि पुढचं वळण येईपर्यंत
तिथेच पडून राहतो.